तळं तीन आठवड्यांचं झालं, जीव कधी येणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन आठवड्यांपूर्वी बागेत साधारण तीन बाय दोन मीटरचं तळं खणलं, काळा प्लास्टिकचा कागद अंथरला आणि नळाचं पाणी भरलं. मासे सोडायचे नाहीत, जे येतील ते आपणहून येऊ द्यायचे, असं ठरलेलं. आता पाणी हिरवंगार झालंय, तळ दिसत नाही, डासांच्या अळ्या वळवळतायत आणि बाकी काहीच नाही. आसपास दुसरं तळं नाही, मग जीव येणार कुठून? एखाद्या जुन्या तळ्यातलं बादलीभर पाणी आणि गाळ आणून ओतावा का? बेडकाची अंडी आणावीत का? डासांसाठी गप्पी मासे सोडावेत का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. बादली नको, अंडी नकोत, आणि गप्पी तर अजिबात नकोत. आणि ‘बाकी काहीच नाही’ हे मला पटलेलं नाही. मी बरीच वर्षं अशी तळी करतो आणि सांभाळतो. तीन आठवड्यांचं रिकामं तळं मला अजून भेटलेलं नाही, न बघितलेली तळी मात्र पुष्कळ भेटली.

एक पांढरी ताटली घ्या. कडेच्या उथळ पाण्यात ती अलगद बुडवून पाण्यासकट वर उचला, उन्हात ठेवा आणि पाच मिनिटं हात न लावता नुसतं बघत बसा. पहिलं मिनिटभर काही दिसणार नाही. मग पांढऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके झटके देत वरखाली होताना दिसतील. त्या पाणपिसवा, म्हणजे डॅफ्निया, झिंग्यांच्या इवल्या भाऊबंद. त्यांच्यापेक्षा बारीक, सरळ रेषेत टुणकन पुढे जाणारे आणि मागे दोन इवल्या पिशव्या लटकवलेले जीव दिसले, तर ते सायक्लॉप्स. त्या पिशव्यांत त्यांची अंडी असतात. तळातला थोडा गाळ आला असेल तर त्यात आठचा आकडा काढत पोहणारी लाल अळीही सापडेल. ती डासाची नाही, डासासारख्याच दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या चिलटाची. तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लाल, आणि म्हणूनच जिथे प्राणवायू जेमतेम आहे अशा गाळातही ती मजेत राहते. डासाची अळी ओळखायला सोपी. क्युलेक्स या घराभोवती नेहमी दिसणाऱ्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला शेपटीकडच्या नळीने लटकलेली असते, डोकं खाली. तुमची सावली पडली की वळवळत तळाकडे जाते. मला वाटतं, तुम्ही वळवळणारं सगळंच डासांच्या खात्यात टाकलंय.

आता हे आले कुठून. कीटक बहुतेक सगळे उडत येतात, आणि बरेचसे रात्री. पाणभुंगेरे, पाठीवर पोहणारे ढेकूणवर्गीय किडे, पाण्यावर धावणारे लांब पायांचे किडे या मंडळींना आपण जन्मभर पाण्यात राहणारी समजतो, पण त्यांच्यातल्या बहुतेकांना उत्तम पंख असतात. जुनं डबकं आटायला लागलं, किंवा तिथे गर्दी झाली, की ती निघतात. त्यांना पाणी वरून कसं कळतं, हा भाग मला या धंद्यात सगळ्यात जास्त आवडतो. पाण्याच्या आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश आडव्या दिशेत ध्रुवित झालेला असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः आडव्याच हलतात. आपल्या डोळ्यांना तो फरक कळत नाही, या किड्यांच्या डोळ्यांना कळतो. चकाकी दिसली की त्यांच्या लेखी ते पाणी. आणि पृष्ठभाग जितका काळा, तितकी ही खूण ठळक.

त्यामुळे ते फसतातही. मेफ्लाय हे पाण्यात अंडी घालणारे नाजूक किडे रस्त्याच्या कोरड्या डांबरावर अंडी घालतात, आणि असं का होतं हे हंगेरीतल्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवून दिलं. त्याच देशात गाबोर होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दफनभूमीतल्या घोटीव काळ्या दगडांवर चतुर घुटमळतात त्याचं कारणही हेच असल्याचं मांडलं. मी स्वतः एकदा तळ्यात कागद अंथरून पाणी भरण्याची वाट पाहत बसलो होतो, तर एक मादी चतुर येऊन कोरड्या कागदावरच शेपटी आपटायला लागली. पाणी भरायला तासभर उशीर होता, ती आधीच हजर. संध्याकाळी दिव्याखाली उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर ‘टक’ असा आवाज आला तर जाऊन बघा, अनेकदा तो पाणभुंगेराच असतो, तुमच्याच तळ्याकडे निघालेला आणि वाट चुकलेला. म्हणजे तुमचा काळा कागद ही एका अर्थी जाहिरातच आहे, आणि ती पहिल्या दिवसापासून लागलेली आहे. जवळपास तळं नाही असं तुम्ही म्हणता, पण त्यांचं ‘जवळपास’ आपल्यापेक्षा फार मोठं असतं. पँटाला फ्लावेसेन्स नावाचा पिवळसर चतुर तर समुद्र ओलांडतो. हिंदी महासागरावरून आफ्रिकेपर्यंतच्या त्याच्या प्रवासाबद्दल चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये लिहिलं, आणि मुळात तो शोधत असतो ती तात्पुरती, उथळ, मासे नसलेली डबकी. तुमच्याकडे आहे तसलीच.

पाण्यावर धावणाऱ्या किड्यांची एक गंमत सांगायची राहिली. त्यांच्यातल्या काही माद्या नव्या पाण्यावर उतरल्या की अंगातले उडण्याचे स्नायू विरघळवून टाकतात आणि त्यातून मिळालेला ऐवज अंड्यांत घालतात. परतीचं तिकीट फाडूनच त्या मुक्कामाला येतात.

न उडणाऱ्यांचं काय? पाणपिसवेला पंख नाहीत, गोगलगाईला नाहीत. हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. त्याने एका लहान तळ्याच्या कडेचा, पाण्याखालचा, चहाच्या कपात मावेल इतकाच चिखल आणला, सहा महिने झाकून ठेवला आणि उगवेल ते रोप उपटून मोजत गेला. एकूण 537 रोपं भरली. असा चिखल पक्ष्यांच्या पायांना लागून किती जात असेल, हा त्याचा मुद्दा. मग त्याने बदकाचे पाय एका पाण्याच्या टाकीत लटकवले. नुकत्या जन्मलेल्या पाणगोगलगाई त्यांना इतक्या घट्ट चिकटल्या की पाय बाहेर काढले तरी सुटेनात, आणि दमट हवेत त्या बारा ते वीस तास जगल्या. 1882 च्या एप्रिलमध्ये, मृत्यूच्या तेरा दिवस आधी, ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्याचं एक टिपण आलं. विषय काय, तर एका पाणभुंगेऱ्याच्या पायाला चिकटलेला छोटा शिंपला. तो नमुना पाठवणारे गृहस्थ वॉल्टर ड्रॉब्रिज क्रिक. पुढे डीएनएची रचना उलगडणाऱ्या दोघांपैकी फ्रान्सिस क्रिक हा त्यांचा नातू. विषयांतर झालं, पण मला ही साखळी फार आवडते.

पाणपिसवेचा मार्ग वेगळा. दिवस वाईट आले की ती एका कडक कवचात गुंडाळलेली अंडी टाकते. ही अंडी वाळली तरी चालतात, गोठली तरी चालतात, पक्ष्याच्या पोटातून गेली तरी त्यातली काही जगतात. सरोवरांच्या गाळात दशकानुदशकं पडून राहिलेली अशी अंडी उबवून संशोधकांनी पाणपिसवा वाढवल्या आहेत. त्याहून चिवट रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव: सायबेरियातल्या कायम गोठलेल्या मातीतून काढलेले, सुमारे 24,000 वर्षं थिजून पडलेले रोटिफर जिवंत होऊन प्रजनन करू लागल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. हे सगळं धुळीबरोबर, पिसांबरोबर, पक्ष्यांच्या विष्ठेतून तुमच्या तळ्यात पडतंच आहे. पाणी प्यायला एक साधी चिमणी येऊन गेली तरी ती रिकाम्या पायांनी येत नाही.

मासेसुद्धा क्वचित असे येऊ शकतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रानबदकांना कार्पवर्गीय माशांची अंडी खायला घातली, तर हजारात दोनेक अंडी जिवंत बाहेर पडली. पण एखाद्या सकाळी तुमच्या तळ्यात अचानक मासे दिसले, तर बदकावर संशय घेण्याआधी शेजारपाजारची मुलं आणि नव्याने आणलेल्या रोपांची मुळं तपासा. कुणीतरी ‘बिचारं रिकामं तळं’ म्हणून दोन मासे सोडून जातं, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता हिरव्या पाण्याबद्दल. नळाच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट बऱ्याचदा असतात, वर ऊन आणि नवं, मोकळं पाणी. एकपेशीय शेवाळाला याहून काय हवं? ते फोफावतं. पाणपिसवा तेच गाळून खातात, त्यांची संख्या वाढत जाते, आणि मग एखाद्या आठवड्यात पाणी असं निवळतं की रात्रीत कुणी बदलून गेलं की काय असं वाटावं. याला काही आठवडे लागतात, कधी पूर्ण हंगाम. या काळात लोक नेमकी चूक करतात ती म्हणजे पाणी बदलणं. पाणी काढलंत की पाणपिसवा गेल्या, नवं नळाचं पाणी भरलंत की खत आलं. घड्याळ पुन्हा शून्यावर. पाणी घटलं तर शक्यतो पावसाचं साठवलेलं घाला. नळाचंच घालावं लागलं तर एका वेळी थोडं घाला, आणि भरून दोन-तीन दिवस उघडं ठेवून मग घाला म्हणजे क्लोरीन उडून जाईल. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाईन वापरतात, ते मात्र असं सहज जात नाही. उन्हाळ्यात पातळी वीतभर खाली गेली तर जाऊ द्या. उघडी पडलेली ओली कड ही स्वतःच एक जागा आहे, मधमाश्या पाणी प्यायला तिथेच उतरतात.

डास. याबद्दल काळजी रास्त आहे. नव्या तळ्यात डास आधी येतात आणि त्यांना खाणारे मागून, हा मधला काळ चुकत नाही. पण तो छोटा असतो, आणि तेवढा हाताने निभावता येतो. क्युलेक्सची मादी अंड्यांचा तराफा घालते: काजळाच्या रंगाची, काही मिलिमीटर लांबीची, दोन्ही टोकांना किंचित वर उचललेली होडी. एका तराफ्यात शे-दोनशे, कधी त्याहून जास्त अंडी. सकाळी लवकर तळ्याच्या निवाऱ्याच्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात बघा, पान खाली घालून अलगद उचलून कोरड्या मातीवर टाका. एक तराफा म्हणजे शे-दोनशे डास कमी. अळ्या असतील तर बारीक गाळणीने संध्याकाळी काढा. गाळणीत आलेलं सगळं पांढऱ्या ताटलीत ओता, अळ्या बाजूला करा, बाकीचे परत पाण्यात. फारच झालं तर बीटीआय. हा एक जिवाणू आहे, 1976 मध्ये नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात सापडलेला, आणि त्याचं विष डासांच्या अळ्यांच्या आतड्यात काम करतं. मात्र जास्त प्रमाणात त्या लाल अळ्याही मरतात, म्हणून मी तो शेवटी ठेवतो. डेंगीची धास्ती असेल तर तळ्याच्या आधी तळ्याभोवती बघा. डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीला उघडं, जिवंत तळं फारसं आवडत नाही. तिला लागतात भांडी, टायर, कुंडीखालच्या बशा, पाण्याच्या काठाच्या जरा वर अंडी चिकटवायला. खोदकामानंतर बागेत राहिलेली बादली आणि प्लास्टिकच्या कागदाचा उरलेला, घडीत पाणी साचलेला तुकडा उचलला का?

गप्पींबद्दल इतका ठाम का, तेही सांगतो. गप्पी डासांच्या अळ्या खातात, खरं आहे. पण ती पाणपिसवाही खाते, म्हणजे पाणी हिरवंच राहणार. चतुराच्या नुकत्या बाहेर आलेल्या अळ्या खाते, म्हणजे डासांचा पुढचा मोठा शत्रू पाळण्यातच गेला. बेडकाची लहान पिल्लंही कुरतडते. बंद टाकीत, हौदात, जिथे दुसरं काही येणारच नाही, तिथे तिचा उपयोग मी नाकारत नाही. तुमच्या तळ्यात ती एकदा रुजली की परत काढता येत नाही. तळं रिकामं केल्याशिवाय तर नाहीच.

बादलीचा धडा मी स्वतः शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका नव्या तळ्याला ‘विरजण’ म्हणून जुन्या तळ्यातला बादलीभर गाळ आणून ओतला. खूष होतो, कारण आठवड्यात पाण्यात हालचाल दिसू लागली. त्या गाळाबरोबर डकवीड या तरंगणाऱ्या पाणवनस्पतीची चार-पाच हिरवी, टिकलीएवढी पानंही आली होती, मी पाहिलीही होती आणि गोड वाटली म्हणून राहू दिली. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत पाण्याचा पृष्ठभाग दिसेनासा झाला. खाली अंधार, प्राणवायू कमी, चतुरांना वरून पाणी दिसेना. ते मी आजतागायत जाळीने काढतोय. आणि डकवीड तर दिसतं तरी. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी, जिला 1999 मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, ती दिसतही नाही. ओल्या बादलीतून, अंड्यांबरोबर, बुटाच्या चिखलातून ती एका पाण्यातून दुसऱ्यात जाते. जगभर बेडकांच्या कित्येक जाती तिने संपवल्या. म्हणून अंडी आणू नका. बेडूक स्वतः येतो. वाढत्या वयाचे लहान बेडूक ओल्या रात्री बरंच अंतर तोडतात. तुम्ही फक्त कुंपणाच्या भिंतीच्या बुडाशी तळहात जाईल एवढं एखादं भोक ठेवा. ते पहिल्याच वर्षी येतील असं नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आले तरी उशीर झाला असं मी म्हणत नाही.

तुम्ही करण्यासारखं खरं काम कडेला आहे. सगळ्यात जास्त जीव वरच्या दहा-बारा सेंटिमीटर पाण्यात असतात, खोलीत नाही. तुमच्या तळ्याच्या भिंती उभ्या असतील तर एका बाजूने दगड-वाळू टाकून लांब, सौम्य उतार करा. प्यायला आलेले, चुकून पडलेले जीव तिथून बाहेर येतील. उतार करताना बागेची खतावलेली माती वापरू नका, धुतलेली वाळू वापरा. लहान मुलं वावरत असतील तर जाळी किंवा कुंपण आधी, बाकी सगळं नंतर. मूल वीतभर पाण्यातही बुडतं. कारंजं बसवलं असेल तर बंद ठेवा. रोपं मोजकी लावा, त्यांतली काही अशी की देठ पाण्याबाहेर सरळ उभे राहतील. आणि थोडा तळ उघडाच राहू द्या. सगळं एकदम हिरवं करायचा मोह होतो, पण काही जीवांना नवं, उघडं, पटकन तापणारं उथळ पाणीच लागतं. युरोपातला नॅटरजॅक भेक अशाच पाण्यात अंडी घालतो, आणि तळं जुनं होऊन झाडोऱ्याने भरलं की तिथून नाहीसा होतो.

उभे देठ का, ते एका पहाटेवरून सांगतो. चतुराची अळी पाण्यात दीड महिनाही असू शकते किंवा कित्येक वर्षंही, जात आणि थंडी-उष्णता यांवर अवलंबून. ती श्वास मागच्या टोकाने घेते, आणि घाई असली की तेच पाणी पिचकारीसारखं मागे सोडून पुढे झेपावते. शिकारीला जबड्याखालची एक घडीची पट्टी बंदुकीसारखी सुटते. तर त्या दिवशी विजेरीच्या उजेडात मला एक मातकट, बोटाच्या पेराएवढी अळी देठावर पाण्याच्या वर वीतभर चढून बसलेली दिसली. बराच वेळ काही नाही. मग पाठीवर, डोक्यामागे, एक उभी चीर पडली आणि आतून फिकट हिरवट, ओलसर काहीतरी कमानीसारखं मागे झुकलं. अर्धं बाहेर आल्यावर ते तसंच उलटं लटकून राहिलं, बहुधा पाय कडक व्हायची वाट बघत. मग एकदम वर उसळी घेऊन आपल्याच कातीचं डोकं पकडलं आणि शेपटी ओढून काढली. पंख तेव्हा चुरगाळलेल्या कागदासारखे. उजाडेपर्यंत ते पसरले, दुधाळ होते ते काचेसारखे झाले, आणि उन्हाचा पहिला पट्टा आला तसा तो गेला. देठावर कात राहिली, आत पांढऱ्या दोऱ्यांसारख्या श्वासनलिकांची अस्तरं लोंबत. देठ नसता तर त्याला प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीवर चढावं लागलं असतं.

एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो, कारण पुढच्या वर्षी तुम्ही नक्की विचाराल. पहिल्या हंगामानंतर कधी कधी तळं ओस पडल्यासारखं वाटतं. पहिले आलेले बरेच जीव पायोनियर असतात, नव्या पाण्याचे शौकीन. शिकारी वाढले की ते पुढच्या डबक्याकडे निघतात. त्या वेळी तळं उपसून साफ करू नका. तंतूसारखं शेवाळ फार झालं तर काठीला गुंडाळून थोडं थोडं काढा, आणि टाकण्याआधी तळ्याच्याच पाण्याच्या बादलीत खळबळून घ्या. त्यातून टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या सडपातळ भाऊबंदाच्या, अळ्या किती निघतात बघा: बारीक, सडपातळ, शेपटीला तीन पानं. ती पानं म्हणजे त्यांचे कल्ले. बादलीतलं पाणी परत तळ्यात.

आज रात्री विजेरी घेऊन कडेला बसा. पृष्ठभागाखाली, पाठीवर उताणा, दोन लांब पाय वल्ह्यांसारखे पसरून थांबलेला किडा दिसला, तर डासांना खाणारा पहिला गडी हजर झालाय. त्याला हातात मात्र घेऊ नका, मधमाशीसारखा चावतो.